उन्हाळ्यातलं ओलं मीठ

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी कामाला आलो ते थंडीत. भट्टीजवळ उभं राहायला तेव्हा बरं वाटायचं, त्यामुळं पुढं काय वाढून ठेवलंय ते कळलं नाही. मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडं पाऊस पडायला लागला की चार महिने भिंतींना पाझर असतो आणि कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. आठवीत शाळा सोडली, काही वर्षं घरच्या शेतात काढली, मग कोल्हापूरच्या फौंड्रीत लागलो आणि अॅल्युमिनियम वितळवायचं, ओतायचं शिकलो. तिथून मी उठलो ते आळ घेऊन. एक अख्खा लॉट पोकळ निघाला. भट्टीवर आम्ही दोघं होतो. दुसरा म्हणाला माझं नाही, मीही म्हणालो माझं नाही, पण तो गावातला होता. मालकानं मला काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून माझं हजेरीचं कार्ड फळीवर नव्हतं. तेव्हापासून कुठंही दोघांचं काम असलं की मला ते नको वाटतं.

एका मशीनच्या फिटरनं सांगितलं, यवतमाळला एका लहान फौंड्रीत दुसरी भट्टी सुरू होतेय, माणूस पाहिजे. बायको म्हणाली, एवढ्या लांब? मी म्हणालो, लांब आहे तेच बरं.

या फौंड्रीचा मालक चाळिशीचा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. कामगार मोजून सात. पहिल्या भट्टीवर मामा होते. मामा म्हणजे सगळ्या शॉपचे मामा, पंचावन्न-छप्पनचे, घाटंजीकडच्या तांड्यावरचे. आमच्याशी वऱ्हाडी बोलायचे, फोनवर मामीशी बोलायला लागले की बंजाऱ्यांची गोरबोली, आणि मग मला एक अक्षर कळायचं नाही. आठवडाभर ते लोहाऱ्यातच खोली करून राहायचे. मला जागा मिळेना तेव्हा त्याच खोलीच्या मागच्या पडवीत त्यांनी मला ठेवून घेतलं. सकाळी दोघांच्या भाकऱ्या तेच थापायचे. मी म्हणालो, मामा, मी करतो की. तर म्हणाले, "तुह्या भाकरीले तं तिकडचे लोकं भाकर म्हणत असन, आमी नाही म्हणत."

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढं मी त्याच माणसावर पाळत ठेवली.

आमचं मुख्य काम जिनिंगच्या मशीनला लागणाऱ्या हाताचं. सरकीपासून रुई वेगळी करायच्या मशीनमध्ये अॅल्युमिनियमचा एक हात असतो, कोपरापासून मनगटापर्यंत असतो तेवढा. मशीन चालू झालं की तो सारखा मागंपुढं हलत राहतो, इतका भराभर की डोळ्याला नुसती धूसर पट्टी दिसते. त्याच्यावर वजन फार येत नाही. पण तेच ते ओझं दिवसभर, रोज, लाखो वेळा. अशा हातात आत कुठं मोहरीएवढं भोक राहिलं, आणि तेही कातडीच्या जवळ, तर तिथून चीर सुरू होते. एकदम मोडत नाही. रोज थोडी थोडी सरकते, आणि एक दिवस हात तुटतो.

भोक पडतं ते वायूमुळं. वितळलेलं अॅल्युमिनियम पाण्याचा अंश दिसला की पिऊन टाकतं. हवेतला दमटपणा असो, ओलं हत्यार असो, त्यातला वायू ते पोटात घेतं, आणि गोठायला लागलं की तो वायू बाहेर यायला बघतो. बाहेर पडला नाही तर आत बुडबुडा राहतो. म्हणून आम्ही ओतायच्या आधी रसायनाची एक गोळी वितळलेल्या धातूच्या तळाशी दाबून धरतो, ती वायू वर काढून देते. मग वरून पांढरी पावडर टाकायची, मळी सुटून वर येते, ती काढली की ओतायचं. या पावडरला कोल्हापुरात आम्ही पावडरच म्हणायचो. इथं तिला मीठ म्हणतात. आहेही ती मिठासारखीच. "मीठ टाकलं काय?" असं मामांनी पहिल्या दिवशी ओरडून विचारलं तेव्हा मी आमटीचा डबा शोधायला लागलो होतो. लेथवरच्या दादानं ती गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगितली.

होळी झाली आणि आठ दिवसांत ऊन असं चढलं की मला वाटलं आता आपण जगत नाही. दुपारी शॉपमधला पत्रा टणटण वाजायचा. एकदा भट्टीपुढं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मी पळी टाकून खाली बसलो. मामांनी तोंडावर पाणी मारलं. त्या संध्याकाळी ते फोन स्पीकरवर टाकून मामीशी बराच वेळ बोलत होते. मी पडवीत आडवा होतो. त्या सगळ्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला, कोल्हापूर. तो दोनदा आला. आणि दुसऱ्यांदा मामा हसले.

पुढच्या सोमवारी ते गावाहून येताना जीपच्या टपावर एक जुना कूलर घेऊन आले. लोखंडी, गवताच्या ताट्यांचा, हिरवा रंग उडालेला. मी जिथं उभा राहायचो तिथं माझ्या पाठीमागच्या खिडकीत लावला आणि म्हणाले, "हं, आता नाही मरत हा." मला बरं वाटलं. पण तो शब्द आणि ते हसू डोक्यातून जात नव्हतं.

मग एप्रिलमध्ये दारव्ह्याच्या जिनिंगमधून तीन तुटलेले हात परत आले. यंदा भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात धरून ठेवला होता, त्यामुळं जिनिंग उन्हाळ्यातही चालू होते. भाऊंनी ते तीन हात टेबलावर ठेवले आणि आम्हा दोघांना बोलावलं. तुटलेल्या तोंडावर निम्मा भाग गुळगुळीत, निम्मा खडबडीत. गुळगुळीत भागातल्या रेघा एका बिंदूपासून पसरत गेल्या होत्या, तळ्यात खडा टाकल्यावर लाटा पसरतात तशा, आणि त्या बिंदूत एक गोल, चकचकीत भोक होतं. भाऊंनी तिथं नख टेकवलं.

"हे कोनाचं?"

कोणाचं ते कसं सांगणार? दोन्ही भट्ट्यांचा माल एकाच ढिगात जायचा.

"थंडीतला माल अजून चालून राह्यला," भाऊ म्हणाले. "होळीनंतरचाच तुटून राह्यला. पुन्हा एकदा वापस आलं तं दारव्ह्याचं काम गेलं समजा. अन् मंग मले दोन भट्ट्या कायले पाह्यजेत?"

म्हणजे एक भट्टी बंद, एक माणूस कमी. नवा कोण, लांबचा कोण, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोष मामांच्या भट्टीचा निघाला तरच मी राहणार होतो. खरं सांगायचं तर मला ते भोक मामांचं हवं होतं.

हवं असलं की दिसायलाही लागतं. मामा मीठ तोलून टाकत नाहीत, मुठीनं टाकतात, हे दिसलं. मी टाकलं की तडतड व्हायचं, कढईत फोडणी उडावी तशी. त्यांची भट्टी गप्प असायची. मी मनात धरलं की ते मीठ कमी टाकतात. ते डब्याचं झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावून ठेवायचे. मी मनात म्हणालो, एवढं लपवायचं काय असतं? माझा डबा बघा, दिवसभर उघडा. लेथवरचा दादा एकदा चहा पिताना हळूच म्हणाला, "मामाचे डोये गेले बाप्पा आता. पन भाऊले कोन सांगन?" मी चहा संपवून उठलो. पण ते वाक्य मी जपून ठेवलं.

आणि मी ठिपका मारायला सुरुवात केली. कोल्हापुरात मला पुरावा नव्हता, इथं तो असणार होता. माझ्या भट्टीचा हात थंड झाला की आतल्या जाड बाजूला, जिथं ताण येत नाही आणि कुणाची नजर जात नाही, तिथं पंचनं एक बारीक ठिपका. हातोडीचा एकच ठोका. आजूबाजूला बघून मारायचा. मग भीती वाटायची, या ठिपक्यापासूनच चीर गेली तर? तरी मारत राहिलो. दुपारी मामांच्या हातची भाकरी खायची आणि उठून ठिपका मारायचा.

मे महिन्यात एका सकाळी दारव्ह्याची जीप दारात थांबली. पाच हात, पोत्यात गुंडाळून. भाऊंनी पोतं उघडलं, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मी दारव्ह्याले जाऊन येतो. चार वाजता भेटू. तोवर दोघं मिळून इचार करा." आणि त्याच जीपमध्ये बसून गेले.

मामा भट्टीकडं वळले. मी पोत्याजवळ एकटा राहिलो. पहिला हात उलटा केला. ठिपका. दुसरा. ठिपका. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांना ठिपका. पाचही माझे.

मी ते परत गुंडाळून ठेवले. पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. पहिला विचार असा आला की ठिपक्याचं कुणालाच माहीत नाही.

दुपारी जेवायला बसलो. भाकरी, ठेचा, कांदा. मी भाकरी नुसती मोडत होतो. मामा म्हणाले, "मीठ दे इकडे." मिठाची पुडी माठाशेजारी तशीच उघडी पडली होती. मी उचलून दिली, मामांनी ती कांद्यावर नुसती तिरकी केली आणि मीठ सरसर सांडलं. वाळूसारखं सुटं.

मी बघतच राहिलो. आमच्याकडं मीठ असं सांडत नाही. आमच्याकडं मिठाला पाणी सुटतं, बरणीत त्याचा दगड होतो, आई पावसाळ्यात ते तव्यावर भाजून घ्यायची. गठ्ठा फोडून मीठ घ्यायचं हीच मला लहानपणापासूनची सवय. आणि म्हणूनच माझ्या भट्टीवरच्या डब्यातलं मीठ मी रोज सकाळी पेचकसाच्या मुठीनं फोडून घेत होतो, होळीपासून, आणि त्यात काही वेगळं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. इथल्या कुणी ते पाहिलं असतं तर जागीच ओरडला असता. यवतमाळच्या मे महिन्यात मिठाचा गठ्ठा होतो कसा?

"काय झालं? ठेचा लागला काय?" मामा म्हणाले.

मी तसाच उठलो. माझा डबा खिडकीखालच्या फळीवर उघडा होता. बोट घातलं तर बोटाला चिकटलं. वर बघितलं. कूलर. ताट्यांतून पाणी ठिबकत होतं आणि पंखा त्याचे बारीक थेंब थेट फळीवर आणत होता. मग मामांच्या भट्टीवर गेलो, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डब्याचं झाकण काढलं. कोरडं ठक्क. दोन्ही डबे एकाच पोत्यातून भरलेले. गोळी दाबून वायू बाहेर काढायचा आणि वरून ओलं मीठ टाकून तो परत पाजायचा, असं मी दोन महिने करत होतो. ती तडतड मिठाची नव्हतीच, पाण्याची होती. त्यांची भट्टी गप्प होती कारण ती बरोबर होती.

चारला भाऊ आले. चेहऱ्यावरून दारव्ह्यात काय झालं असेल ते कळत होतं. "बोला," म्हणाले.

मामा म्हणाले, "मले तं काही समजून नाही राह्यलं भाऊ."

लेथवरचा दादा दारातच होता. तो म्हणाला, "मामाचं वय झालं भाऊ आता. मी काही दोष नाही देत. पन डोये..."

भाऊ मामांकडं बघायला लागले. मामा खिशातला रुमाल काढून हात पुसत राहिले. त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. सकाळपासून मला तेच पाहिजे होतं.

"माझं हायत," मी म्हणालो. "पाचीच्या पाची."

"कशावरून?"

मी पोतं उघडलं, हात उलटे केले, ठिपके दाखवले. भाऊंनी भिंग घेऊन बघितलं. मामांनी भिंग न घेता बघितलं.

"हे ठिपके कायले मारले?" मामांनीच विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. पण जमलं नाही. "तुमच्यावर संशय होता, मामा."

मामा माठाकडं गेले, पाणी प्यायले आणि तिकडंच उभे राहिले. मी भाऊंना मिठाचं सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, "बोलून काय होते? करून दाखव."

दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकाच भट्टीचं पाणी, आम्ही वितळलेल्या धातूला पाणीच म्हणतो. गोळी दाबून झाल्यावर एक वाटी माझ्या डब्यातलं मीठ टाकून भरली, एक मामांच्या डब्यातलं टाकून. मग चौघंही उभे राहून बघत होतो. माझी वाटी गोठता गोठता वर फुगली, तव्यावरच्या भाकरीसारखी, आणि तोंडावर बारीक फोड आले. मामांची वाटी मधोमध खाली खचली. आमच्या धंद्यात खचलेली ती चांगली. भाऊंनी दोन्ही करवतीवर कापल्या. एकीत भोकंच भोकं, दुसरी भरीव. दादा "अरे बाप्पा" म्हणाला आणि लेथकडं गेला.

"कूलर कोनं लावला तिथं?" भाऊंनी विचारलं.

मामाच म्हणाले, "म्या लावला. हा मरून राह्यला होता."

भाऊंनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, दारव्हेवाले कसेबसे एकदा थांबायला तयार झालेत; होळी ते एप्रिलचा सगळा माल आणि नंतरचा ठिपक्याचा परत बोलावतो, नवा ओतून दे. दोन भट्ट्यांचं मग बघू. एवढंच. जा म्हणाले नाहीत. मी अजून त्या "मग बघू"वरच आहे, पण आहे.

कूलर त्याच दिवशी काढला. शनिवारी मामा गावी निघाले तेव्हा मी तो स्टँडपर्यंत खांद्यावरून नेला. जीपच्या टपावर बांधताना मी विचारलं, "मामा, त्या दिवशी फोनवर कोल्हापूरचं काय म्हणत होता?"

ते दोरी आवळत राहिले. "तुह्या मामीले म्हटलं, कूलर दे. ते म्हणे, मंग मी झोपू कशी? म्या म्हटलं, तू इथलीच हायेस, सहन करशील. हा कोल्हापूरचा हाय, विरघळून जाईन." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यावर ते म्हणे, कोल्हापूरचा गूळ विरघळते, तं यालेही पान्यापासून दूर ठेवजा. म्हणून हासलो."

जीप गेली. मी तिथंच उभा होतो.

सोमवारी त्यांनी माझ्या वाटची भाकरी आणली, पण हाक मारली नाही. डबा माझ्या फळीवर ठेवून गेले. असे पंधरा दिवस. नंतर एकदा ठेचा कमी पडला म्हणून त्यांनीच हाक मारली आणि मग बोलायला लागले, पण आधीसारखं नाही. मी तेवढ्यावर खूश आहे.

आता मीठ भट्टीच्या काठावर, गरम जागी ठेवतो, झाकण लावून. पळी आधी तापवून घेतो, हत्यार हाताला चटका बसेपर्यंत भट्टीवर धरतो. ठिपके भाऊंनी चालूच ठेवायला सांगितले, माझा एक, मामांचे दोन. लपून मारायची गरज राहिली नाही. माझे नवे हात दारव्ह्यात चालू आहेत. पण आज तुटला नाही म्हणजे आज तुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. जीप दारात थांबली की मी अजून आधी पोतं आहे का ते बघतो.

आणि रोज सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी, मामा माझ्याकडं येतात, माझ्या डब्याचं झाकण काढतात आणि मिठात बोट घालून बघतात. कोरडं असलं की बोट पँटला पुसून निघून जातात. ते येईपर्यंत मीही भट्टी पेटवत नाही.